अकरा चिंचोक्यांचे जहाज

वासुदेव रेवंडकर यांना आमची सगळी चाळ नाना म्हणत असे. लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली एकवीस आणि माझी बावीस. सात वर्षांच्या शेजारात मी त्यांना कुठेही पहिले चढलेले, पहिले शिरलेले किंवा पहिले बसलेले पाहिले नाही. मी विम्याच्या कचेरीत मृत्युमानाचे तक्ते तपासतो. पाहिले नाही असे मी म्हणतो ते मोजूनच म्हणतो.

एकदा आम्ही दोघे बोरीबंदरला निघालो होतो. नानांनी थांब्यावर चार ट्रामी सोडल्या. प्रत्येक वेळी मागच्या माणसाला "तुम्ही व्हा पुढे" म्हणत ते बाजूला होत. चौथीत तर निम्मी बाके रिकामी होती.

"नाना, आत जागा आहे," मी म्हणालो.

"जागा असतेच, तावडे. उतरायचं कसं ते सांगा."

पाचवी ट्राम आली तेव्हा थांब्यावर आम्हीच दोघे उरलो होतो, म्हणून आमचे जाणे झाले. नाना आत न जाता पायरीजवळ उभे राहिले. कंडक्टरने तीनदा सांगूनही हलले नाहीत.

लग्नामुंजीच्या जेवणाला ते शेवटच्या पंगतीला बसत. माझ्या थोरल्या मुलाच्या मुंजीत जिलबी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. वरणभात जेवून, पान खाऊन ते गेले आणि जाताना माझ्या पत्नीला म्हणाले, "पंगती चार झाल्या. एकशे अठरा पानं उठली." हा हिशेब माझ्याशी जुळत होता, त्यामुळे मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला. पत्नीचे मत, माणूस विनयशील. खालच्या मजल्यावरचा सखाराम गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. त्याचे मत, "विनयशील नाय ओ, तऱ्हेवाईक आहे." मी माझे मत राखून ठेवले.

नाना गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजात किती पोती चढली, किती पेटारे उतरले, हे जहाजाला लावलेल्या फळीपाशी उभे राहून मोजायचे. उजव्या कानावर निळी पेन्सिल, डाव्या कानावर लाल. चढणारी वस्तू निळीने, उतरणारी लालने. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. घरीही तेच. त्यांच्या भिंतीवरल्या दुधाच्या रेघा पाहून महिना समजे. पत्नी गावी वारली होती, मूलबाळ नव्हते.

त्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत बायो राहायची. मालवणच्या पलीकडले नानांचे जे गाव, तेच तिचे. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा भिवा लढाईच्या दिवसांत फौजेच्या मजूर पलटणीत भरती झाला आणि ज्या जहाजाने गेला ते जहाज वाटेतच बुडाले. तेव्हापासून बायो सात गिरणी कामगारांची खानावळ चालवत होती. आवाज मोठा, वय सत्तरीकडे, हिशेब तोंडी.

दर रविवारी दुपारी ती बांगड्याच्या तिखल्याची ताटली घेऊन नानांच्या दारात उभी राही. सातही जेवणाऱ्यांच्या आधी नानांची ताटली भरली जाई आणि त्यात मधला तुकडा असे. जेवणारे कुरकुरत.

"गप रवा," ती त्यांना म्हणे. "माझ्या भिव्याक ह्या माणसान बोटीर बरो जागो दिल्यान. तुमी काय दिलास?"

मग ती नानांना सांगे, "खा रे. भिव्यान पत्रात लिवल्यान, नानान आमका सगळ्यांच्या आदी चडवल्यान."

नाना मान खाली घालून खात. काटासुद्धा चाटून पुसून ठेवत. ताटली स्वतः घासत आणि रिकामी परत करायची नाही म्हणून मूठभर साखर घालून देत. मी हे पाहिलेले रविवार तीनशेच्या वर भरतील. त्यांत नानांनी एकदाही "नको" म्हटले नाही आणि एकदाही "छान झालंय" म्हटले नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पहिल्यांदा संचारबंदी लागली तेव्हा गिरण्या बंद, कचेऱ्या बंद आणि सगळे पुरुष घरात. दुसऱ्या दिवशी बायका कंटाळल्या. तिसऱ्या दिवशी नानांनी गॅलरीत मांजरपाटाचा एक मोठा तुकडा अंथरला. त्यावर नीळ लावून समुद्र केला होता, लांबीला चोवीस घरे आणि रुंदीला अठरा. कडेने बंदरे. काड्यापेट्या म्हणजे लढाऊ जहाजे. फौज वाहून नेणारी जहाजे मात्र औषधाच्या गोळ्यांच्या काचेच्या नळ्यांची. परळच्या एका ओळखीच्या कंपाउंडरकडून त्यांनी डबाभर नळ्या आणल्या होत्या. नळी इतकी अरुंद की एका वेळी एकच चिंचोका आत जाई. चिंचोका म्हणजे शिपाई. वर बूच.

हा आरमारी लढाईचा खेळ नानांनी स्वतः रचला होता. पहिल्या दिवशी खेळायला चौघे बसलो. नाना, मी, सखाराम आणि शेजारच्या चाळीतले कांबळे मास्तर. मास्तर मुनसिपाल्टीच्या शाळेत शिकवत. पुढे वर्षभरात त्यांनी कुटुंबासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पण कुठलाही नियम "का?" विचारल्याशिवाय पाळायचा नाही असे तेव्हाच ठरवले होते. हा खेळ त्यांच्यासाठीच असल्यासारखा होता.

जहाज भरण्याचे नियम नऊ. शत्रूवर हल्ला करण्याचे दोन.

भरताना जहाज हलवायचे नाही. एका खेळीत तीनच चिंचोके चढवायचे. काळा चिंचोका म्हणजे आचारी. तो तळाशी गेला तर उतरलेली फौज दोन खेळ्या उपाशी बसते. बूच लावल्यावर क्रम बदलायचा नाही. प्रत्येक चिंचोक्याला नाव द्यायचे आणि चढवताना ते मोठ्याने उच्चारायचे. सातवा नियम असा की, आधी चढेल तो शेवटी उतरेल. जहाजाला तडाखा बसला तर वरचे तीन वाचतील. खालचे आठ नळीत राहतील आणि ती नळी पुन्हा उघडायची नाही.

"नावं कशाला?" मास्तरांनी विचारले. "नाव दिलं की पाठववत नाही."

"म्हणूनच द्यायची," नाना म्हणाले.

सखारामाने तासाभराने विचारले, "नाना, ह्यात लढाई कधी हाय?"

"भरून झाल्यावर."

त्या डावाची मी नोंद ठेवली आहे. एकूण वेळ तीन तास दहा मिनिटे. जहाजे भरण्यात दोन तास पाच मिनिटे, वादात अठ्ठावीस मिनिटे, चहात पंधरा मिनिटे, लढाई बावीस मिनिटे. तरीही सखाराम दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. सातवा नियम त्याला रात्री उमगला होता. त्याने पहिला चिंचोका उचलला, गिरणीतल्या आपल्या मुकादमाचे नाव पुकारले आणि तो नळीत टाकून म्हणाला, "मुकादम तळाला!" मग जहाज मुद्दाम शत्रूच्या तोंडी नेऊन बुडवले. आठवडाभरात तीन चाळींतले साचेवाले खेळायला येऊ लागले. सगळ्यांचे मुकादम तळाला गेले. कुणी जिंकल्याचे मला आठवत नाही.

नाना कधी हसले नाहीत. बुडालेल्या जहाजाची नळी ते खिडकीच्या कठड्यावर उभी करून ठेवत. पुढच्या डावाला नवी नळी, नवे चिंचोके.

मला एकच गोष्ट खटकत होती. मी नळी मोजली. तिच्यात चौदा चिंचोके आरामात बसत. नियम मात्र अकराचा.

"तीन जागा वाया जातात, नाना."

"जाऊ देत. जहाज अकराचंच."

बायो तेव्हा गॅलरीतच आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसलेली असे. नाना नाव पुकारण्यापूर्वी दर वेळी तिच्याकडे एकदा पाहत. ती कधी वळली नाही. "थोर बापये चिंचोक्यांनी खेळतत," एवढेच तिचे या खेळाविषयीचे मत होते.

पुढे सत्याग्रहाच्या तुकड्या निघू लागल्या. आमच्या विभागाच्या एका तुकडीत नानांनी नाव दिले. घोषणा झाल्या, फुले पडली, पोलिसांची गाडी आली. सगळे उत्साहाने गाडीत चढू लागले. नाना दाराशी उभे राहून "तुम्ही व्हा पुढे" म्हणत राहिले. गाडी भरली, दार लागले आणि गाडी निघून गेली. नाना हार घालून रस्त्यात उभे.

ते चालत चौकीवर गेले. सखाराम त्याच तुकडीत होता, त्याने हे पुढचे कोठडीतून पाहिलेले आहे.

"मला अटक करा," नाना म्हणाले.

"गाडीतून आलात?" हवालदाराने विचारले.

"जागा संपली."

"मग यादीत नाव नाही. घरी जा, आजोबा."

"यादी चुकली आहे. तुकडीत चोवीस होते, तुम्ही तेवीस लिहिलेत. दाखवा इकडे."

हवालदाराने यादी दाखवली. नानांनी कानावरची निळी पेन्सिल काढून त्यात चोविसावे नाव घातले आणि आत गेले. आत गेले म्हणजे कोठडीच्या दाराशी बसले. आठवड्याने सुटका झाली तेव्हा बाहेर पडलेला पहिला माणूस नाना होते. लोकांनी त्यांनाच पुढारी समजून हार घातले. त्यांनी ते एकेक करून मागून येणाऱ्यांच्या गळ्यात घातले आणि घरी आल्यावर मला सांगितले, "तेवीस हार होते. एक कमी पडला."

आता खेळाच्या छपाईची हकीकत. कांबळे मास्तरांच्या ओळखीचे खेळण्यांचे एक कारखानदार गिरगावात होते. फणसवाडीत त्यांची कचेरी. त्यांनी खेळ पाहिला, त्यांना आवडला. पुठ्ठ्याची पेटी, रंगीत समुद्र आणि झाकणावर "रचनाकार वा. ग. रेवंडकर" असे छापायची त्यांची तयारी होती. नियमांची स्वच्छ प्रत मी काढून दिली होती, म्हणून नानांनी मलाही बरोबर नेले.

"फक्त ते चढवणं काढा," कारखानदार म्हणाले. "जहाजात भरली फौज, झालं. मुलांना धडाड्‌धूम पाहिजे, नाना. रांगा कशाला?"

"मग उतरणार कशी?"

"कशी म्हणजे? उतरली! पुस्तिकेत एक ओळ लिहू, फौज उतरली."

"आधी कोण?"

"सगळी एकदम."

नानांनी समुद्राची घडी घातली. "एकदम कोणीच उतरत नाही, शेठ," ते म्हणाले आणि आम्ही निघालो.

मला राग आला होता. इतक्या वर्षांत त्या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेले मी पाहिले नव्हते आणि पेटीच्या झाकणावर नाव यावे ही इच्छा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसली होती. ठाकुरद्वारापासून पुढे मी बोलत राहिलो. एका नियमासाठी खेळ घालवलात, तो नियम असा काय आहे, चौदा जागांत अकरा माणसे हा तरी कसला हिशेब.

नाना थांबले. फूटपाथवर एका बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर बसले. मग गोदीतला तक्ता वाचावा तसे सांगितले.

"लढाईच्या दिवसांत फौजेची जहाजं भरत होतो. भिवाची पलटण आली. त्यात आमच्या गावची, आजूबाजूची मिळून अकरा पोरं. रांगेत शेवटी उभी होती. तुम्ही कोकणच्या बोटीने गेलायत ना? आमच्यात काय शिकवतात? आधी चढ, आत जा, वळकटी पसर, जागा धर. उशिरा चढेल तो वर उघड्यावर, रात्रभर वाऱ्यात, पावसात, उलट्या करत. मी रांगेच्या शेवटून अकरा पोरं काढली आणि सगळ्यांच्या आधी चढवली. म्हटलं, खाली थेट टोकाला जा, तिथे हवेचा पंखा आहे, त्याच्याखाली पसरा. अकरा निळ्या रेघा मारल्या. भिवा पहिला."

"मग?"

"मग जहाज फुटलं. वर उघड्यावर होते त्यांनी उड्या टाकल्या. पुष्कळ वाचले. खाली टोकाला जे होते त्यांना शिडीपर्यंत यायलाच..." ते थांबले. "रांगेत होती तिथेच राहू दिली असती तर ती वर असती, तावडे. शेवटची अकरा."

मी विम्याच्या कचेरीत आहे. कोणत्या वयाचा माणूस किती वर्षे जगेल हे मला तक्त्यावरून सांगता येते. तिथे त्या पायरीवर मी एवढेच विचारले,

"बायोला माहीत आहे?"

"ती मला मधला तुकडा देते," नाना म्हणाले. "दर रविवारी ठरवतो, आज सांगायचं. तोंडाने येत नाही. म्हणून पट केला. म्हटलं, रोज डोळ्यांसमोर मांडलेला असला तर एक दिवस विचारेल, हे आधी चढलेले आत का राहिले? विचारलं की सांगेन. सांगितल्याशिवाय मला मरता यायचं नाही."

मग ते उठले. लालबागपर्यंत चालतच आलो. चाळीच्या जिन्याशी त्यांनी मला पुढे जाऊ दिले.

त्यानंतर मी पट मांडायला कधीही नाही म्हटले नाही. खिडकीच्या कठड्यावर नळ्या वाढत होत्या. मी रविवारी मुद्दाम बायोच्या जवळ बसून चिंचोक्यांची नावे जरा जास्तच मोठ्याने पुकारू लागलो. पत्नीने विचारले, तुम्हाला अलीकडे कमी ऐकू येते का.

एका रविवारी दुपारी सखाराम जहाज भरत होता. मुकादम तळाला गेला होता. तांदूळ निवडून झाले होते आणि बायोला समोरच्या भिंतीशिवाय पाहायला काही नव्हते, म्हणून ती वळून बसली. जहाजाला तडाखा बसला. नानांनी वरचे तीन चिंचोके काढले आणि बूच लावले.

"आणि ते?" बायोने नळीकडे बोट दाखवले.

सखारामाला काही माहीत नव्हते, तो म्हणाला, "ते आत गेले, बायो. आदी चढला तो शेवटी उतरनार. नियमच हाय तसा."

बायो नानांकडे पाहू लागली. नानांचा हात नळीवर होता. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"नाना," बायो म्हणाली, "ह्या माका सांगूक तू चिंचोके खेळतंस?"

नाना मान हलवून हो म्हणाले.

"अरे, मी कोकणातली बाई. बारा फेरे बोटीन गेलंय. आदी चडता तो भितुर जाता आणि मागसून उतरता, ह्या माका म्हायत नाय? ज्या दिवशी सरकारची तार इली त्याच दिवशी माका कळला."

नाना पुटपुटले, "मग ती ताटली..."

"ताटली कसली? भिव्यान पत्र धाडल्यान ता बोटीर बसान लिवलेला, वाटेतल्या बंदरार टाकलेला. चार रात्री झाल्यो म्हणान लिवल्यान. पंख्याखाली चार रात्री निजलो, आवशीच्या कुशीत निजल्यासारखो, असा लिवल्यान. लोका वर उलटी करीत होती." तिने पदराने सूप पुसले. "चार रात्री माझो झील सुखान निजलो. त्यो तू दिलंस. त्यो कोणी मोजूच्यो?"

मास्तरांनी चष्मा काढला. सखारामाने माझ्याकडे पाहिले आणि मी पटाकडे.

बायो सूप घेऊन उठली. "आणि बांगडो निवता. येतंस काय आणू हयसर?"

नानांनी हातातल्या नळीचे बूच काढले आणि ती उलटी केली. आठ चिंचोके मांजरपाटावर पडले. उठून त्यांनी कठड्यावरच्या नळ्या एकेक करून आणल्या आणि सगळ्या रिकाम्या केल्या. एकोणीस नळ्या होत्या. चिंचोके एकशे बावन्न. कानावरची लाल पेन्सिल काढून त्यांनी नियमांच्या कागदाच्या कडेला चार रेघा मारल्या, आडवी नाही. मग बायोच्या खोलीकडे जेवायला गेले. नियमाप्रमाणे नळी उघडायची नव्हती, हे मास्तरांनी त्या दिवशी दाखवून दिले नाही.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी दिवाळीनंतर नाना नोकरीतून मोकळे झाले. बायोचे गुडघे गेले होते, खानावळ बंद झाली होती. दोघेही एकाच बोटीने गावी जायला निघाली. सखाराम, मास्तर आणि मी भाऊच्या धक्क्यावर पोचवायला गेलो. गर्दी पुष्कळ. वळकट्या, ट्रंका, फणीपासून पाटापर्यंत सगळे सामान. नाना सवयीप्रमाणे फळीपासून दूर उभे राहून एकेका कुटुंबाला "तुम्ही व्हा पुढे" म्हणू लागले.

बायोने त्यांचे मनगट धरले.

"चल. आदी चड. जागो धर."

"बायो, लोकांना जाऊ दे."

"लोक येतले मागसून. माका रातभर वाऱ्यात बसवतलंस? चल."

ती गुडघे दुखणारी बाई गर्दी कापत निघाली. तिच्यामागे नाना ओढले जात होते, दोन्ही कानांवर पेन्सिली, बगलेत मांजरपाटाची गुंडाळी. फळीवरून चढलेली पहिली बायो आणि दुसरे नाना. दारातून आत वाकताना नानांनी एकदा मागे वळून पाहिले, मोजल्यासारखे. मग ते आत दिसेनासे झाले.

त्यांच्यामागून चढलेले मी दोनशे सदुसष्टपर्यंत मोजले. पुढे गर्दीत हिशेब चुकला. बोट सुटली तेव्हा कठड्याशी दाटी झाली होती आणि पुष्कळ लोक हात हलवत होते. सखाराम टाचा उंचावून शोधत राहिला.

"नाना दिसत नाय ओ."

"दिसायचे नाहीत," मास्तर म्हणाले. "कठड्याला शेवटी चढलेले असतात."

मालवणला बोट धक्क्याला लागत नाही, पडावातून उतरावे लागते. ती दोघे कितव्या पडावातून उतरली ते मला कळलेले नाही, आणि नानांना लिहिलेल्या पत्रात मी ते विचारलेही नाही.